दारूच्या दुकानात मॅनेजर व्हायचं तर

हॅमिल्टन, न्यूझीलंड

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर म्हणालात, "लेक दारूचे परवाने बघते असं माळकऱ्याने कुणाला कसं सांगायचं?" मला राग नाही आला. फोनवर नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडे परवाना पिणाऱ्यालाही लागतो, निदान कागदोपत्री तरी. इथे विकत घेणाऱ्याला 18 वर्षं पूर्ण हवीत, बस. भार सगळा विकणाऱ्यावर. 2012 च्या कायद्याप्रमाणे दुकान असो की बार, दारू विकली जात असताना सर्टिफिकेटवाला मॅनेजर ड्यूटीवर हवाच, आणि त्याचं नाव गिऱ्हाइकाला दिसेल असं लावलेलं हवं. ते सर्टिफिकेट मागणाऱ्याची पारख करायची, हे माझं काम. मी इथल्या नगरपालिकेची इन्स्पेक्टर. हवं तर तेवढंच सांगा. मी अहवाल देते, पोलीस त्यांचं म्हणणं देतात, निर्णय जिल्हा परवाना समितीचा.

वय 20 च्या पुढे, ठरलेला कोर्स पास, हे बघायला वेळ लागत नाही. अनुभवाशी मात्र गाडी अडते. ज्यांनी कधी गल्ल्यामागे उभं राहून बाटली विकलेली नाही, असेही अर्ज करतात. मग गुन्हे. पिऊन गाडी चालवल्याची एखादीच शिक्षा असेल तर साधारण दोन वर्षं स्वच्छ गेलेली बघतात, गंभीर गुन्हा असेल तर पाच. 1995 च्या एका निकालापासून हे चालत आलंय, पण दगडावरची रेघ नाही. मला स्वतःला शिक्षेपेक्षा लपवाछपवीची चीड जास्त. पोलिसांकडे सगळं निघतंच, मग फॉर्मवर तो रकाना कोरा का सोडायचा?

मध्यंतरी एक पोरगा आला. नशेतला माणूस कसा ओळखशील, विचारलं. त्याने घडाघडा सांगितलं: दिसणं, वागणं, तोल, बोलणं, यांतलं कुठलंही दोन बिघडलेलं दिसलं की कायद्याने तो नशेत. पाठांतर चोख! मग मी म्हटलं, "मालकाचा फोन आला, माझा दोस्त आहे, देऊन टाक. काय करशील?" पोरगा गप्प. पेनचं टोपण काढत-घालत बसला. शेवटी म्हणाला, "मालक घरी असणार. भिंतीवर नाव माझं असणार. नाही देणार."

बोलायला काय जातं, म्हणून नंतर एका शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या दुकानात डोकावले. दोन मुली मोबाईलमध्ये पासपोर्टचा फोटो दाखवत होत्या. हा ढिम्म. पासपोर्ट, इथलं ड्रायव्हिंग लायसन्स नाहीतर किवी ॲक्सेस कार्ड (वयाच्या पुराव्याचं इथलं कार्ड) हवं, त्याचा नुसता फोटो चालत नाही. मागे रांग वाढलेली, एकजण कुरकुरतोय, तरी याचा आवाज चढला नाही. मुली बडबडत निघून गेल्या. अहवालात मी हा प्रसंग जसाच्या तसा लिहिला आणि खाली "आक्षेप नाही". समितीने दिलं तर पहिलं सर्टिफिकेट एका वर्षाचं, पुढे तीन-तीन वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा पुन्हा तपासणी आलीच. पोलिसांचं उत्तर अजून यायचंय.

आई, मेथीचे लाडू पाठवू नकोस, इथे कस्टमवाले फार छळतात. गुडघ्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मात्र सविस्तर कळव, बाबा अर्धंच सांगतात.

तुमची,
मंजू