बाळूस, रविवारच्या शिट्टीबद्दल

शहापूर, बेळगाव

प्रिय बाळू,

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील. गुडघा ठीक आहे, गोळ्या चालू आहेत, झालं.

रविवारी झूमच्या कॉलवर अप्पांनी पेटीवर अभंग धरला आणि दुसऱ्याच ओळीला ती शिट्टी सुरू झाली, ते तूही तिकडून ऐकलंस. "माझ्यामुळंच होतंय" म्हणून अप्पांनी भाता लावला आणि ते उठले. तेव्हापासून पेटीवर कापड आहे. कॉलचं नाव काढलं की पावसाचा विषय काढतात. अप्पांनी पेटी झाकून ठेवणं म्हणजे काय, हे खानापुरात आता कुणाला कळणार? म्हणून तुला लिहितोय.

दोष अप्पांचाही नाही, पेटीचाही नाही. त्या खोलीत एकाच कॉलला लॅपटॉप आणि वहिनींचा मोबाईल असे दोघं जोडलेले होते. लॅपटॉपच्या माईकनं उचललेला आवाज नेटवरून फिरून मोबाईलच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, माईक तो पुन्हा उचलतो. प्रत्येक फेरीला तो चढत जातो आणि ज्या सुराला खोली जास्त घुमते त्याचीच शिट्टी होते. मोबाईलचा माईक बंद होता असं वहिनी सांगतात, आणि तो होताच. पण तेवढ्यानं भागत नाही, स्पीकरही बंद हवा. लॅपटॉप स्वतःच्या स्पीकरमधून जे वाजवतो ते त्याला ठाऊक असतं, म्हणून माईकमध्ये आलेल्या आवाजातून तेवढा भाग तो वजा करू शकतो. शेजारचा मोबाईल काय वाजवतोय याचा त्याला पत्ता नसतो. मोबाईलवर झूमच्या 'मोअर'मध्ये जाऊन 'डिसकनेक्ट ऑडिओ' करायचं. चित्र राहतं, आवाज जातो.

दुसरं कारण तुझ्या सांगण्यातलं. पेटी तुटक ऐकू येते म्हणून तू 'ओरिजिनल साउंड' चालू करायला लावलंस. त्यात चूक नाही, त्यानं झूमचं गोंगाट गाळणं बंद होतं. गोंगाट गाळणारी सोय पंख्यासारखा एकसारखा आवाज कापते आणि पेटीचा लांब धरलेला सूर तिला तसाच वाटतो. टाळाचंही तेच. फक्त सेटिंगमध्ये ऑडिओखाली 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स'च्या पोटात 'एको कॅन्सलेशन' अशी वेगळी चौकट आहे, तिथं खूण हवीच. ती नसेल तर वरची वजाबाकी होतच नाही आणि मग एकटा लॅपटॉपही शिट्टी मारू शकतो.

आणि तू पाठवलेला तो ब्लूटूथ स्पीकर. भांडू नकोस गा. गणपतीच्या मंडपात कर्णा माईकच्या पुढं, लोकांकडं तोंड करून बांधायचा हे सांगून माझा घसा बसायचा, आणि तू तो गाणाऱ्याच्या पाठीमागं बांधायचास! ब्लूटूथवर आवाज बऱ्याचदा ०.१ ते ०.३ सेकंद उशिरा पोचतो, आणि तेवढ्यानं वजाबाकीचा हिशेब गडबडू शकतो. टीव्हीला एचडीएमआय वायर लावली तरी तोच धोका. चित्र खुशाल टीव्हीवर घ्यावं, पण विंडोजमध्ये आवाजाचं आउटपुट लॅपटॉपच्या स्पीकरवरच ठेवावं. मोठा आवाज हवाच असेल तर ३.५ मिमी पिनच्या वायरीचा स्पीकर, माईकच्या पुढच्या बाजूला, माईककडं पाठ करून.

माईकचं तर लोक उलटंच करतात. आवाज कमी जातोय म्हणून बूस्ट, म्हणजे माईकचा आवाज वाढवायची सेटिंग, +२० किंवा +३० डेसिबलवर नेतात. त्यानं गळ्याचा आवाज वाढतो तसा स्पीकरचा आवाजही तेवढाच वाढतो. बूस्ट शून्यावर आणून वायरीचा माईक जवळ घ्यावा. १०० सेंटीमीटरवरचा माईक २५ वर आणला की गळ्याचा आवाज साधारण १२ डेसिबलनं वाढतो, स्पीकरचा नाही. अप्पांच्या त्या खोलीत फरशी, कोऱ्या भिंती आणि वर पत्रा, सगळं घुमतं. गाणाऱ्याच्या मागं दोरीवर वाकळ टाकायची, खाली जाड घोंगडं. एवढ्यानं बराच फरक पडतो.

शिट्टी नसून नुसता प्रतिध्वनी असेल तर आणखी एक ध्यानात ठेव. ज्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, त्याच्याकडं बहुतेक वेळा बिघाड नसतो, समोरच्याकडं असतो. एकेकाला म्यूट करत जायचं, ज्याच्या वेळी थांबेल तो सापडला.

अप्पांच्या कानातल्या ऐकायच्या यंत्राचंही बघायला हवं. मोबाईल कानाला दाबून धरला की त्याचीही शिट्टी होते, कारण कानातून निसटलेला आवाज त्याच्याच माईकमध्ये शिरतो. कॉल कापल्यावरही शिट्टी चालूच राहिली तर ती यंत्राची. साचा सैल झाला असेल किंवा कानात मळ असेल, डॉक्टरांना दाखवायचं. पण रविवारी कॉल कापताच ती थांबली होती. हे तू स्वतः अप्पांना फोन करून सांग. माझं ते मनावर घेत नाहीत, तुझं घेतात. आवाज नीट यायला लागला की पेटी उघडतील असं मला वाटतं, आणि ती उघडली पाहिजे.

चिन्मयचा निकाल लागला का? नव्या घराचं लिहिलंच नाहीस. तुझ्या घरी वहिनींना नमस्कार.

शनिवारी मी खानापूरला जातोय, वाकळ आणि वायर घेऊन. रात्री नऊला तू एकटाच जोड, हेडफोन लावून. आधी आपण दोघं तपासू, मग अप्पांना बोलवू.

तुझा,
सदा