चाचणीचा आकडा म्हणजे निदान नव्हे

महोदय,
‘छुपा पूर्वग्रह’, म्हणजे स्वतःलाही न जाणवणारा पूर्वग्रह, ओळखण्याच्या कार्यशाळा हल्ली नागपुरातही होऊ लागल्या आहेत. संगणकासमोर बसवायचे आणि तासाभरात ‘तुम्ही पूर्वग्रहदूषित’ असा शिक्का मारायचा, हे मानसशास्त्राच्या नावावर खपवले जाऊ नये.

१९२० च्या दशकात मानसशास्त्रज्ञच बुद्धिचाचण्यांवरून वंशांची उतरंड लावत होते. त्यांच्यापैकीच एक, ब्रिगहॅम, याने १९३० मध्ये आपले निष्कर्ष मागे घेतले. १९५० मध्ये अडोर्नो आणि सहकाऱ्यांनी वंशद्वेषाचे मूळ हुकूमशाही व्यक्तिमत्त्वात शोधले. त्यांच्या प्रश्नावलीतली विधाने मात्र सगळी एकाच दिशेची, म्हणजे सरसकट ‘हो’ म्हणणाराही दोषी! पुढे १९५८ मध्ये पेटिग्रू या मानसशास्त्रज्ञाला दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेष भरपूर आढळला, पण हुकूमशाही व्यक्तिमत्त्वाच्या त्या मोजपट्टीवर तिथली माणसे इतरांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. द्वेष तिथल्या रीतिरिवाजांतच मुरलेला होता.

कार्यशाळांतली चाचणी १९९८ ची, ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांची. पडद्यावर चेहरे आणि बरेवाईट शब्द येतात, दोन कळांनी त्यांची वर्गवारी करायची. आधी गोरा चेहरा आणि चांगला शब्द एका कळेवर, मग जोड्या उलट. दोन्ही फेऱ्यांत लागलेल्या वेळेतला मिलिसेकंदांचा फरक म्हणजे गुण; उलट जोड्यांना जितका जास्त वेळ, तितका पूर्वग्रह जास्त धरायचा. मोठ्या गटाच्या सरासरीला हे चालते. पण त्याच माणसाची चाचणी पुन्हा घेतली, तर दोन्ही वेळच्या गुणांतला सहसंबंध जेमतेम ०.५ च्या आसपास (पूर्ण मेळ असेल तर तो १ येतो). कोणती जोडी आधी आली, यानेही गुण हलतो. असा थर्मामीटर कोणता डॉक्टर वापरेल? २०१६ मध्ये लाय आणि सहकाऱ्यांनी हा गुण उतरवणाऱ्या नऊ युक्त्या १८ विद्यापीठांत तपासल्या. लगेच फरक पडला; काही तासांनी ते काही दिवसांनी पाहिले, तर एकीचाही परिणाम टिकला नव्हता.

त्यापेक्षा भरतीची पद्धत बदला. चाळणीआधी अर्जावरचे नाव, फोटो, गाव झाका. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. परीक्षकांनी चर्चेआधीच आपापले गुण लिहून द्यावेत, नाहीतर साहेबांचा कल बघून बाकीचे आकडे टाकतात. आडनावाची गोष्ट वरवरची नाही. थोरात आणि अ‍ॅटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज गेले होते, तरी दलित आणि मुस्लिम नावांना प्रतिसाद कमी मिळाला.

आणि वसतिगृहांच्या स्पर्धांत ईशान्येकडच्या मुलांचा वेगळा संघ करू नका, संघ मिसळा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मॅट लोव यांनी क्रिकेट स्पर्धा भरवून हे तपासले आहे: एकाच संघात खेळलेल्यांची इतर जातींतली मैत्री वाढली, समोरासमोर खेळलेल्यांची घटली.

– मानसशास्त्राचे काही अध्यापक, नागपूर