१२ तारीख कोरी, १३ तारीख बरोबर : काकांना पत्र

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. समोर आभार मानायला गेलं की "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

टॉवेल-चादरींच्या आमच्या दुकानाचा बिलांचा प्रोग्राम मीच ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, केला. जानेवारीत, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सुरू केला आणि जानेवारीचा रिपोर्ट पैशापैशाला जुळला. फेब्रुवारीचा काढला तर विक्री जवळजवळ दुप्पट! ११ मार्चला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचं, नऊ तारीख उजाडलेली, आणि तारखांचाच घोळ असेल म्हणून मी विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये (तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीने दाखवायची ते तिथे ठरतं) कधी भारत, कधी अमेरिका करत बसलेलो. काही फरक पडेना.

तुम्ही आलात आणि सेटिंगला हातच लावू दिला नाहीत. आधी बिलांच्या नोंदींचं टेबल उघडायला लावून दहा-बारा बिलं कागदी प्रतींशी ताडून पाहिलीत. "नोंदी शाबूत आहेत, घाबरू नकोस," म्हणालात तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग एकेका दिवसाचा रिपोर्ट. ३ फेब्रुवारी मागितली तर २ मार्चची बिलं आली. १२ फेब्रुवारी कोरी. १३ फेब्रुवारी बरोबर. "तेरावा महिना असतो का रे?" एवढंच विचारलंत.

क्वेरीत, म्हणजे नोंदी शोधायला ॲक्सेसला दिलेल्या मजकुरात, मी १ फेब्रुवारीसाठी हॅशच्या (#) खुणांमध्ये ०१/०२/२०२४ असं जोडत होतो. पडद्यावर तारीख कशी दिसावी ते विंडोज ठरवतं, पण क्वेरीतली ही तारीख ॲक्सेस अमेरिकन रीतीने, महिना आधी धरून वाचतं. म्हणजे २ जानेवारी. २९/०२ ला मात्र एकोणतिसावा महिनाच नाही, तर ते गुपचूप उलटून २९ फेब्रुवारी घेतं. एरर नाही, सूचना नाही, जवळजवळ दोन महिन्यांची बिलं एकत्र! आणि ०१/०१ कसंही वाचलं तरी १ जानेवारीच, म्हणून पहिल्या महिन्यात चूक झाकून राहिली.

वर्ष आधी घालून २०२४-०२-०१ लिहिलं तशी बेरीज जुळली. माझ्या लेखी काम संपलं होतं. तुम्ही उठला नाहीत. तारीख मजकुरात जोडायचीच नाही, पॅरामीटर म्हणून, म्हणजे मजकुराबाहेरून वेगळी किंमत म्हणून द्यायची. आत ती ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेल्या दिवसांचा आकडाच असते, त्यात दिवस आधी की महिना आधी हा प्रश्नच येत नाही, असं समजावत रात्री साडेअकरापर्यंत सातही रिपोर्ट माझ्याकडूनच बदलून घेतलेत. कीबोर्ड एकदाही स्वतःकडे ओढला नाहीत. याचं मोल मला फार आहे, काका.

एप्रिल-मेचे रिपोर्ट बिनचूक निघाले. दुकानात नवीन मुलगा आलाय, त्याला मी आधी १२ आणि १३ तारखेचाच रिपोर्ट काढायला लावला.

त्या रात्री काकू तुमच्यासाठी जेवायच्या थांबल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आपला,
चाटी गल्लीतला हिशेबनीस, सोलापूर