बाबांचं बीपी मशीन आणि नातवाचा दंड

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

नातू अकरावी-बारावीला तुमच्याकडेच राहणार, म्हणून हे फोनवर न सांगता लिहून पाठवतेय. बाबा, तुम्हाला ५२व्या वर्षी अटॅक आला. घरातल्या पुरुषाला पंचावन्नच्या आत असं झालं असेल तर मुलानातवंडांचं कोलेस्टेरॉल लहानपणीच तपासायचं असतं. तो काटकुळा आहे म्हणून सोडू नका. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं तपासली, त्याचा अहवाल १९५३ साली आला. सरासरी वय २२, तरी ७७ टक्के जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रोगाची सुरुवात दिसली. चरबी साचायला लागते ती याच वयात.

लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्या. त्यातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३० किंवा वर म्हणजे या वयात जास्तच. १६०च्या वर गेलं तर दोष एकट्या वडापावाचा नसेल, आनुवंशिक असू शकेल. थेट डॉक्टरांकडे न्या.

बीपी तुमच्याच मशीनवर घ्या, पण पट्टा बघून. आतली फुगणारी पिशवी दंडाभोवती निदान ऐंशी टक्के फिरायला हवी. पट्टा तोकडा पडला तर आकडा उगाच जास्त येतो, मोठा झाला तर कमी. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवा, हात छातीच्या उंचीवर, मग मिनिटामिनिटाने तीनदा. १२०/८०च्या खाली हवं. वेगवेगळ्या दिवशी १३०/८० किंवा वर येत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजायची. उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तो १६४ सेंमी आहे, म्हणजे ८२च्या आत.

आई, लाड कर, पण कोल्ड्रिंकची बाटली फ्रिजमध्ये नको. ६०० मिलीत साखर साधारण ६० ग्रॅम, म्हणजे बारा चमचे. लोणचं-पापड रोज दोन्ही नको. पापडात मीठ असतंच, वर पापडखाराचा सोडियम. शेंगदाणे, फुटाणे, उसळ हवी तितकी दे.

रोज तासभर घाम येईल असा खेळ हवा. क्लासला सायकलने जाऊ दे, स्कूटर मागितली तरी देऊ नका. झोप आठ तास तरी हवी, म्हणून रात्री मोबाइल बाबांच्या उशाशी राहू दे. आणि मित्रांत सिगारेट किंवा व्हेप (ई-सिगारेट) चालतं का, ते ओरडून नको, जेवताना सहज विचारा. तुम्हाला तो खरं सांगेल.

मोजपट्टी शिलाई मशीनच्या खणात आहे. रिपोर्टचा फोटो पाठवा.

तुमची,
ताई