पोटातला जंतू आणि प्रतिकारशक्तीचे चूर्ण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की कोकणातल्या बाजारपेठांत ‘प्रतिकारशक्ती वाढवा, अल्सर पळवा’ अशा चूर्ण-काढ्यांच्या पाट्या झळकू लागतात. शरीर दुबळे पडले म्हणून जंतू पोटात टिकला, असा त्यामागचा हिशेब. अल्सरच्या मुळाशी बहुतेकदा असतो तो हेलिकोबॅक्टर पायलोरी. त्याच्याबाबत हा हिशेब उलटा आहे. शरीर इथे जोरात लढते, पण जंतूपेक्षा जठराच्या भिंतीचेच जास्त नुकसान होते.

उपजत प्रतिकाराची पहिली फळी म्हणजे जठरातले आम्ल. उपाशीपोटी त्याचा पीएच १ ते २ असतो आणि अन्नपाण्यातून आलेले बहुतेक जंतू त्यातच मरतात. (गॅसची गोळी महिनोन् महिने घेणाऱ्यांना पावसाळ्यात जुलाबाचा संसर्ग लवकर गाठतो, तो ही फळी पातळ झाल्यामुळे.) पायलोरी मात्र युरिएज नावाच्या विकराने युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो आणि आपल्याभोवतीचे आम्ल मारतो. भिंतीवर चिकट म्युकसचा थर असतो, ताज्या माशाच्या अंगावर बुळबुळ असते तसा. आम्ल कमी झाले की हा थर सैल होतो आणि शेपट्यांच्या जोरावर जंतू त्यातून पोहत पेशींपर्यंत पोचतो.

तिथे पहारा आहेच. साल्मोनेलासारख्या जंतूची शेपटी आपल्या पेशी टीएलआर-५ या ग्राहकाने (जंतूच्या खुणा ओळखणाऱ्या प्रथिनाने) लगेच ओळखतात. पायलोरीच्या शेपटीतले प्रथिन वेगळ्या घडणीचे असल्याने ही घंटा वाजतच नाही. त्याच्या बाह्य आवरणातल्या मेदाचे फॉस्फेटही छाटलेले असते, त्यामुळे टीएलआर-४ ची घंटा क्षीण वाजते. मग तो सापडतो कसा? त्याच्या आक्रमक वाणांत सुईसारखी एक यंत्रणा असते. तिच्यातून तो कॅग-ए हे प्रथिन पेशीत टोचतो. त्याबरोबर त्याच्या भिंतीचे तुकडेही आत जातात आणि पेशीच्या आतला नॉड-१ हा ग्राहक ते ओळखतो. पेशी आयएल-८ हा निरोप सोडते आणि रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिथे धावून येतात.

खरी गोम पुढे आहे. न्यूट्रोफिलने जंतू गिळला की ज्या पिशवीत तो कोंडला, तिच्यातच सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या दाहक रूपाचा मारा व्हायला हवा. पायलोरी ही जुळणी बिघडवतो. मारा पिशवीबाहेर होतो आणि शेजारच्या निरोगी पेशी भाजतात. जो थोडा मारा जंतूपर्यंत पोचतो, तो कॅटालेजसारख्या विकरांनी निकामी होतो. त्याच धुमश्चक्रीतला आयएल-१ बीटा हा निरोप्या आम्लाचे स्रवण घटवतो, म्हणजे जंतूचीच सोय. सूज वर्षानुवर्षे राहते. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो. बहुतेकांना काही होत नाही, पण दहा-पंधरा टक्क्यांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो आणि थोड्यांना जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तो शोधून काढणारे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले.

तेव्हा ‘शक्ती वाढवून’ हा जंतू जाणार नाही. तो शोधून प्रतिजैविकांनीच मारावा लागतो. कोकमाचे सरबत किंवा सोलकढी जेवणात जरूर असावी, तिला औषधाच्या जागी बसवू नये.

गफलत होते ती मुख्यतः चाचणीत. पॅन्टोप्राझोल किंवा तत्सम आम्ल कमी करणारी गोळी चाचणीआधी दोन आठवडे आणि प्रतिजैविके व बिस्मथ चार आठवडे बंद हवे; नाहीतर जंतू दबलेला असतो आणि अहवाल खोटाच निगेटिव्ह येतो. अर्थात गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, विशेषतः अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल तर. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी स्वस्त आहे, पण जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते. त्यापेक्षा युरियाची श्वासचाचणी किंवा शौचातील अँटिजेनची (जंतूच्याच अंशांची) चाचणी भरवशाची. आडगावाहून शौचाचा नमुना शहरातल्या लॅबला पाठवायचा तर मासे पाठवतात तसल्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांसोबत २ ते ८ अंशांत ठेवावा. दिवसभर उन्हात तापलेल्या नमुन्यावर विसंबू नये. दुर्बिणीने तपासणी झाली असेल तर तांदळाच्या कणीएवढा तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जंतू असला तर जेल गुलाबी होते. तुकडे जठराच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही भागांतून घ्यावेत, कारण गोळ्या खाणाऱ्यांत जंतू वर सरकलेला असतो.

उपचार साधारण चौदा दिवसांचा: आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास दोनदा, बिस्मथ, आणि टेट्रासायक्लिन व मेट्रोनिडाझोल ही दोन प्रतिजैविके. दिवसाला डझनभर गोळ्या होतात, म्हणून लोक कंटाळतात. आम्ल घटल्याने चार-पाच दिवसांत दुखणे थांबते आणि ‘बरा झालो’ म्हणून पट्टी अर्धीच सोडली जाते. उरलेले जंतू औषधाला पुरून उरणारे असतात आणि तीच औषधे पुढच्या खेपेला चालत नाहीत. टेट्रासायक्लिन दूध किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतल्यास शोषले जात नाही. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ते देतच नाहीत. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू टाळावी. माडीही त्यात आली. बिस्मथने जीभ आणि शौच काळे पडतात, त्याला घाबरू नये. मात्र शौच डांबरासारखे चिकट, घाण वासाचे असेल आणि चक्कर येत असेल तर तो रक्तस्राव समजून लगेच रुग्णालय गाठावे.

जंतू बहुधा लहानपणी घरातच एकमेकांना लागतो. आजीने घास चावून बाळाच्या तोंडी देण्याची जुनी माया इथे आवरलेली बरी.

औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा श्वासाची किंवा शौचाची चाचणी करावी. त्यातही शेवटचे दोन आठवडे गॅसची गोळी नको. ही दुसरी चाचणी फार थोडे लोक करतात, कारण तोवर पोट दुखायचे थांबलेले असते.

– एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि एक पोटविकारतज्ज्ञ, रत्नागिरी