सदूला पत्र: टाकी दुकानातच राहू दे

कळंबोली, नवी मुंबई
8 जानेवारी

प्रिय सदू,

तू पाठवलेला फोटो नीट मोठा करून बघितला. कॉम्प्रेसर, पाच लिटरची टाकी, रंगीत नळ्या, क्रोमचं मीटर, सगळं एकाच खोक्यात. दुकानदार हुशार आहे. तू विचारलंस, 'टायरला हवा भरायला पिकअपवर बसवायचंय, घेऊ का?' कॉम्प्रेसर घे. टाकी दुकानातच राहू दे.

रागावू नकोस, हिशेब सांगतो. तुला हवा कशासाठी हवी? हापूसच्या पेट्या भरून तू पावसहून रात्रीचा निघतोस, पहाटे तुर्भ्याच्या मार्केटला लागतोस. तेव्हा मागच्या टायरला भरल्या गाडीची हवा पाहिजे. परत जाताना हौदा रिकामा असतो, आणि तेवढ्याच कडक टायरवर तुमच्या बागेच्या कातळातल्या वाटेवर गाडी नुसती उडते. म्हणून दाराच्या चौकटीवर कंपनीने रिकाम्या आणि भरल्या गाडीचे जे दोन आकडे दिलेत, त्यांच्यात तुला ये-जा करायचीय. धर, 35 वरून 50 पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं माप).

आपल्या पिकअपच्या मागच्या टायरच्या पोटात ढोबळमानाने 50 लिटर जागा असते. 15 पीएसआय म्हणजे जवळजवळ एका वातावरणाचा दाब. म्हणजे तेवढा दाब वाढवायला बाहेरची साधारण 50 लिटर हवा आत कोंबावी लागते. आता तुझी टाकी बघ. पाच लिटरची टाकी 145 पीएसआयला भरली आणि 50 पर्यंत उतरली, तर तिच्यातून बाहेर पडते 33 लिटरच्या आसपास. एक टायरसुद्धा पुरा होत नाही! पुढचं काम कॉम्प्रेसरलाच करायचंय, मग पहिल्यापासून त्यालाच करू दे. खोक्यावर मिनिटाला 65 लिटर लिहिलंय, तो आकडा समोर दाब नसतानाचा. टायरचा दाब पुढ्यात आला की तो उतरतो. 40 धरलास तरी एका टायरला सव्वा मिनिट. दोन टायर होईपर्यंत चहाही उकळणार नाही.

माझ्या गाडीवर टाकी आहे, हे तू बोलणारच. माझं काम वेगळं. तळोजा एमआयडीसीत टेम्पोंची किरकोळ दुरुस्ती जागेवर जाऊन करतो. मला फुंकर मारायला, टायरची कड (बीड) रिमवर बसवायला एकदम झटक्यात हवा लागते, तिथे टाकी उपयोगी पडते. त्या बदल्यात ती मागते पण भरपूर: प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह, हवा उलटी फिरू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, तळाला ड्रेन कॉक. शिवाय पाणी. आपल्याकडच्या दमट दिवसात, 30 अंशाला, एक घनमीटर हवेत 24 ग्रॅमपर्यंत पाणी वाफ होऊन असतं. तीच हवा दाबून दहावा हिस्सा केली आणि थंड होऊ दिली, की त्यातलं तीनेक ग्रॅमच वाफेत राहतं, बाकी टाकीच्या तळाशी. पावसाळ्यात रोज संध्याकाळी कॉक उघडला की तांबूस पाणी निघतं. हा उद्योग तुला कशाला?

इथे लोखंड मार्केटला उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांकडे बघून तुला टाकीचा मोह झाला असेल. त्यांचे ब्रेकच हवेवर चालतात, म्हणून कॉम्प्रेसर इंजिनावर आणि टाक्या चेसिसवर कंपनीतूनच येतात. ड्रायव्हर त्यातूनच नळी ओढून टायरला हवा मारतो. आपल्या पिकअपचे ब्रेक हायड्रॉलिक. आपल्याला फुकटची हवा नाही, जी काय ती बॅटरीतून.

आणि म्हणून पैसे घालायचे ते तारेत. या पत्रातलं एवढं एकच ऐकलंस तरी चालेल. ही मोटर 12 व्होल्टवर 30 अँपिअरपर्यंत ओढते. बॅटरी बॉनेटमध्ये, कॉम्प्रेसर हौद्याजवळ, म्हणजे जायला पाच मीटर, यायला पाच मीटर. घरातली अडीच स्क्वेअर एमएमची तार उरलीय म्हणून ती ओढलीस तर दोन व्होल्टच्या वर वाटेतच खर्च होतील, मोटर कण्हत चालेल आणि तार तापेल ती वेगळीच. दहा स्क्वेअर एमएमची घेतलीस तर हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो. तांब्याचीच घे. हल्ली अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास खपवतात. टोक चाकूने खरवड, आत पांढरं दिसलं तर परत कर. लोहार चाळीत पाहिजे ती तार मीटरवर मिळते, तारेच्या टोकाला बसणारे लग पण तिथेच दाबून घे. पक्कडीने चेपलेले लग मला बघवत नाहीत.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत, 40 अँपिअरचा. फ्यूज मोटरसाठी नसतो, तारेसाठी असतो. तो कॉम्प्रेसरजवळ लावला आणि मधे कुठे तार चेसिसला घासली, तर बॅटरी सगळा करंट त्या जागी ओतेल आणि फ्यूजला पत्ताही लागणार नाही. तार फ्लेक्सिबल पाइपात घाल, पत्र्यातून जाते तिथे भोकाला रबरी कडं (ग्रोमेट), आणि सायलेन्सरच्या बाजूने अजिबात नको. रिले, म्हणजे बारीक तारेच्या इशाऱ्यावर जाड तार चालू-बंद करणारा स्विच, 70 अँपिअरचा घे, 40चा काठावर चालतो. रिलेला चालू करणारी बारीक तार इग्निशनच्या लाइनवर. चावी काढली की सगळं बंद. हवा भरताना इंजिन आयडलला ठेव, नाहीतर पहाटे मार्केटच्या गेटात धक्का मारायला माणसं शोधशील. गाडी बीएस-6 आहे, तेव्हा कंपनीच्या तारांच्या जुडग्यात (हार्नेसमध्ये) चीर मारून तार जोडायची नाही. कुठल्या सेन्सरची असेल सांगता येत नाही.

कॉम्प्रेसर कुठे बसवायचा? बॉनेटमध्ये जागा दिसते, पण तिथे आधीच भट्टी असते, आणि हा स्वतःही तापतो. चेसिसखाली उघडा टांगलास तर तुमच्याकडचा लाल चिखल पहिल्याच पावसात त्याचा फिल्टर बुजवेल. माझं मत: हौद्याच्या खाली बाजूला पत्र्याची पेटी, झाकणाला रबर, खालच्या अंगाला हवेसाठी जाळी, आणि फिल्टर पेटीबाहेर काढून नळीने केबिनमध्ये, सीटमागे. तिथे धूळ कमी, पाणी नाही. पेटी यू-क्लॅम्पवर बसव. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायला किंवा वेल्डिंग करायला कोणी निघाला तर त्याच्या हातातली मशीन काढून घे. वजनाचा सगळा ताण त्याच पट्ट्यांवर असतो आणि तडा भोकापासूनच सुरू होतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच: आरसीतल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. क्लॅम्पवरची पेटी उद्या सोडवून ठेवता येते.

फिटिंगचं एक सांभाळ. बाहेरून आलेल्या कॉम्प्रेसरला बहुतेक वेळा अमेरिकन मापाचे एनपीटी आटे असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते ब्रिटिश मापाचं बीएसपी. पाव इंचाला एकाला इंचात 18 आटे, दुसऱ्याला 19, आणि आट्यांचा कोनही वेगळा. एक-दोन फेरे गोडीत जातात, मग अडतं, आणि माणूस टेफ्लॉन टेपचे थर वाढवत बसतो. गळती जात नाही. नागदेवी स्ट्रीटला कॉम्प्रेसर दाखवून जुळणारं ॲडॉप्टर घे. कॉम्प्रेसरला लागून येणारी पहिली नळी स्टीलच्या जाळीचीच, कारण दाबलेली हवा गरम निघते, साधी नळी मऊ पडते. जोड झाले की साबणाचं पाणी लावून फेस येतो का बघ.

खोक्यावर ड्यूटी सायकल 33 टक्के लिहिलीय. म्हणजे 100 पीएसआयला दहा मिनिटं चालला तर वीस मिनिटं विश्रांती. तुझ्या कामाला पुरून उरतं. फक्त गावातले सगळे ट्रॅक्टरवाले हवा मारायला तुझ्या अंगणात आले तर त्यांना चहा पाज आणि स्विच बंद ठेव.

हवा नेहमी थंड टायरला मोज. पाच-साडेपाच अंश वाढले की दाब सुमारे एक पीएसआय चढतो. पनवेलला उतरून मोजलंस तर आकडा जास्तच दिसणार. तो बघून हवा सोडू नकोस, भरल्या गाडीत तर नकोच.

तेव्हा कॉम्प्रेसर, तार, फ्यूज, रिले, स्टीलची नळी आणि बरं गेज एवढं घे. टाकीचे पैसे गेजमध्ये घाल, दुकानदाराने दिलेलं क्रोमचं मला दिखाऊ वाटतं. मोहोर धरलाय म्हणालास, म्हणजे मार्चपर्यंत तुला उसंत आहे. त्याआधी गाडी इकडे आण. पेटी आपण इथल्या फॅब्रिकेटरकडून माझ्या मापाने करून घेऊ, तार मी ओढतो. राहायला घरीच ये, हॉटेल शोधलंस तर तुझी वहिनी मला बोलेल. काकांना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू

ता.क. प्रेशर हॉर्नबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण मी तुला शाळेपासून ओळखतो. टाकी नको म्हणण्याचं तेही एक कारण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 119 नंबरच्या नियमाने कर्कश आणि वेगवेगळ्या सुरांचे हॉर्न चालत नाहीत, आणि पाम बीच रोडला पावती फाडायला मी येणार नाही.