घोडा लगामाने बांधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वतःचे घोडे घेऊन रानवाटांनी भटकण्यावर आणि तंबू ठोकून मुक्काम करण्यावर आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला. या विषयाला अख्खं पान मिळालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून आधी आभार मानते. पण लेखासोबतचं मोठं छायाचित्र पाहिलं आणि जीव कासावीस झाला. मागे तंबू, पुढे शेकोटी आणि कडेला लगामाच्या वादीने झाडाच्या बुंध्याला बांधलेला घोडा. दिसायला चित्र देखणं आहे, पण ते पाहून कुणीतरी आपला घोडा तसाच बांधील, म्हणून हे पत्र.

लगामाचं लोखंड घोड्याच्या तोंडात जिभेवर आणि जबड्याच्या दात नसलेल्या जागेवर टेकलेलं असतं. ती जागा फार नाजूक. बांधलेला घोडा बिचकला की तो सगळं अंग मागे झोकून देतो, आणि त्याचं चार-पाचशे किलो वजन त्या लोखंडावर येतं. जीभ फाटते, जबड्याला इजा होते. घोडा बांधायचा तो मोरखीला (डोक्याभोवतीच्या, तोंडात लोखंड नसलेल्या पट्ट्याला) दोर अडकवून, आणि एका हिसक्यात सुटेल अशा गाठीने. रस्त्यात पाच मिनिटं थांबायचं असलं तरीसुद्धा. मी लगामाखालीच मोरखी चढवून ठेवते, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही.

माझ्याकडे दोन जनावरं आहेत. तांबडी घोडी चौदा वर्षांची, आणि चंद्रा तिच्याहून पाच वर्षांनी लहान. तांबडीला घेऊन केलेल्या पहिल्याच मुक्कामात माझ्या हातून चूक झाली होती. तिला मनसोक्त चरता यावं म्हणून मी लांबलचक दोर दिला आणि झोपायला गेले. मध्यरात्री धडपड ऐकून बाहेर आले, तर दोराचा वेढा मागच्या पायाला बसलेला. ती जितकी ओढत होती तितका तो आवळत होता. चाकूने दोर कापला तोवर खुराच्या वरची कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली होती. सकाळी तिला हाताने धरून, स्वतः पायी चालत, परत आणली. ती जखम भरायला पाच आठवडे लागले. त्या जागी आजही केस नाहीत. खरारा करताना हात तिथे पोचला की मला ती रात्र आठवते.

तेव्हापासून मी दोन मजबूत झाडांमध्ये, घोड्याच्या डोक्याहून उंच, एक दोर ताणून बांधते. बुंध्याभोवती रुंद पट्टे घालते, कारण नुसता दोर साल कापतो आणि साल सगळीकडून कापली गेली तर झाड वाळतं. मोरखीचा दोर वरच्या या दोरावरून खाली सोडायचा. मान खाली घालून वैरण खाता आली पाहिजे, पण पाय अडकेल असा झोळ राहता कामा नये. दोन घोड्यांत इतकं अंतर हवं की दोर एकमेकांत गुंतणार नाहीत. बुंध्यापासूनही लांब, नाहीतर घोडा रात्रभर टापांनी उकरून मुळं उघडी पाडतो. जागा ओढ्यापासून निदान साठ-सत्तर पावलं दूर असावी, आणि निघताना लीद पसरून टाकावी.

हे सगळं रानात जाऊन पहिल्यांदा करू नये. चंद्राला मी घरामागे असाच दोर बांधून आठ रात्री ठेवला होता. पहिल्या दोन रात्री तो सारखा खिंकाळत होता. तिसऱ्या रात्री त्याने निवांत होऊन मागचा एक पाय सैल सोडला तेव्हा मी आत जाऊन झोपले.

आपल्या लेखात ‘घोडे उभ्याउभ्याच झोपतात’ असं म्हटलं आहे. ते अर्धंच खरं आहे. मागच्या पायाच्या सांध्यातली वाटी अडकवून घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो, पण खरी गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. ती दिवसाकाठी तासभरदेखील लागत नाही, पण लागते जरूर. आणि आजूबाजूला धोका नाही याची खात्री पटल्याशिवाय घोडा आडवा होत नाही. म्हणून सोबत दुसरा घोडा असणं महत्त्वाचं: एक लवंडतो, दुसरा उभा राहून राखण करतो. नव्या जागी तांबडी पहिल्या रात्री कधीच आडवी होत नाही. दुसऱ्या दिवशी मी मजल कमी करते ती त्यासाठीच.

पाण्याबद्दल लेखात एकच ओळ होती. मोठ्या घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हात चालल्यावर त्याहून जास्त, आणि अनोळखी वासाचं पाणी काही घोडे तहानलेले असूनही नाकारतात. चंद्रा त्यातलाच. घरच्या बादलीतून दिलं की पितो, म्हणून ती बादली आमच्यासोबत असते. घोड्याला ओकता येत नाही आणि त्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं, त्यामुळे पोट फार वेळ रिकामं ठेवणं आणि एकदम नवं खाणं घालणं, दोन्ही वाईट. पोटशुळाने धडधाकट घोडा दगावतो. मी घरचीच वैरण नेते आणि थोडी थोडी घालते. रात्री उठले की लीद पडली आहे का ते आधी बघते, म्हणजे पोट चालू आहे हे कळतं.

सकाळी खोगीर चढवण्यापूर्वी पाठीवरून उघडा तळवा फिरवावा. कुठे गरम लागलं, सूज लागली, घोड्याने पाठ खाली दबवली, तर त्या दिवशी बसू नये. पाठीवर मध्येच पांढऱ्या केसांचा डाग दिसतो तो बहुधा अशाच जुन्या दाबाचा असतो. खुरं साफ करणं, नाल हलतेय का पाहणं, जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजणं (विसाव्यात मिनिटाला २८ ते ४४) हे सगळं दहा मिनिटांत होतं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्या छायाचित्राबद्दल चार ओळींचा खुलासा छापावा. दुसरं छायाचित्र हवं असल्यास मी आनंदाने पाठवीन. गेल्या मुक्कामातल्या दुसऱ्या पहाटेचं आहे. उजेड कमी आहे, पण दोन झाडांमधला दोर स्पष्ट दिसतो. त्याखाली तांबडी पाय दुमडून बसली आहे, हनुवटी जमिनीला टेकली आहे, आणि चंद्रा कान टवकारून तिच्याजवळ उभा आहे.

आपली,
एक नियमित वाचक